दर्याचे किडे आणि माझं मीठ

१२ एप्रिल, शनिवार

ही वही अनुजाच्या बँकेची. तिला दोन मिळाल्या, त्यातली एक माझ्या गळ्यात मारली. "अक्का, लोणच्या-पापडाची मापं लिहून ठेव की. तू गेल्यावर आम्ही काय करायचं?" म्हणाली. नात आहे म्हणून सोडली. मी कुठं चाललेय? आणि मापं लिहायची नसतात, हाताला ठाऊक असतात. तीन महिने वही तशीच पडून होती. आज उघडली, कारण घरात असं एक प्रकरण आलंय की त्याचं माप माझ्या हाताला ठाऊक नाही.

आधी जुनं प्रकरण. गेल्या साली माझं आंब्याचं लोणचं बिघडलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा. एक बरणी मिठाची खाण झाली म्हणाले, दुसरीला आंबूस वास सुटला म्हणाले. मला तर काही वास आला नाही. पण संयोगितानं, म्हणजे आमच्या सूनबाईनं, दोन्ही बरण्या परड्यात नेऊन पालथ्या घातल्या. ती शाळेत बाई आहे. चूक दिसली की तिचा हात थांबत नाही. आज जेवताना म्हणते, "आत्या, यंदा लोणचं विकतचं आणूया. तुमच्या जिवाला कशाला त्रास?"

ताट सोडून उठणार होते. पण मटण होतं. बसले.

आणि मग अनुजानं फ्रीजमधून डबा काढला. आत किडे. बोटाएवढे लांब, तांबूस, दोन्ही कडांना पायांची झालर. ती रत्नागिरीच्या बँकेत आहे आणि दर रविवारी तिथल्या खडकावर बसून गळ टाकून मासे धरते. पोरगी पंचवीस वर्षांची, लग्नाचं नाव काढलं की तोंड फिरवते, आणि दर्याच्या चिखलातले किडे उकरायला पहाटे उठते. मासा ह्याच किड्यावर वेडा होतो म्हणे. पण किडा एका दिवसात मरतो आणि त्याचा लगदा होतो. चार मेला तिथं मासे धरायची शर्यत आहे. त्या आठवड्यात दर्याचं पाणी पुरतं मागं सरत नाही, म्हणजे किडे उकरायला मिळणार नाहीत.

मी विचारलं, "मेल्यावर काय करतीस त्यांचं?"

"टाकते."

"मीठ लावून बघितलंस?"

"किड्याला?"

"न्हाय, मला."

१३ एप्रिल, रविवार

सकाळी संयोगितानं दुधाची पिशवी काढायला फ्रीज उघडला आणि किंकाळी फोडली. गल्लीत चार दारं उघडली. मी सांगितलं, किडे माझे आहेत, हात लावायचा नाही, खारवणार आहे.

ती जी हसायला लागली ती ओट्याला धरून. म्हणाली, "आत्या, हे किडे चार मेपर्यंत टिकवून दाखवा. मग आंब्याचं लोणचं काय, वर्षाचं सगळं साठवण तुमच्या हातात."

"आणि न्हाय टिकलं तर?"

"मग विकतचं आणायचं आणि तुम्ही आरामात टीव्ही बघायचा."

ती चेष्टेत बोलली असेल. मी शब्द धरला. लिहून ठेवते: तेरा एप्रिल, सकाळी, ओट्यापाशी, माझा मुलगा उदय साक्षीला. तो दाढी करत होता, पण कान काही दाढीत नव्हते.

टीव्ही बघायचा म्हणे. ज्या घरात बाईच्या हातचं लोणचं संपलं, तिथं तिला फक्त देव्हाऱ्याजवळ बसवून ठेवतात. मी असली देवी व्हायची नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

पहिला घाणा वाया. बारीक मीठ वापरलं, तिथं चुकले. किड्यांनी सगळं पाणी सोडलं आणि त्याच पाण्यात विरघळून गेले. डब्यात नुसती तांबडी कढी.

उदय जेवता जेवता उठून बाहेर गेला. शेजारचा केरबा विचारायला आला, "अक्का, तुमच्यात गटार तुंबलंय का वो?" मी म्हणलं, तुंबलं असंल, बोलाव माणसं. दुपारी माणसं आली, अख्ख्या गल्लीचं गटार उपसून गेली. दोन वर्षं अर्ज देऊन जे झालं नाही ते माझ्या किड्यांनी दोन दिवसांत केलं. गल्लीनं खरं तर सत्कार करायला पाहिजे.

पण मला काही एवढा वास जाणवला नाही. माणसं फार नाजूक झाली आहेत. उलट ज्याला वास पाहिजे त्याला नाही. कोरोनात मी पंधरा दिवस अंथरुणात होते, उठले तेव्हापासून बाजारात एक वस्तू धड मिळत नाही. हिंगाला वास नाही, लसणाला झणका नाही, उदबत्ती नुसता धूर. दुकानदारांनी त्या काळात काय भेसळ शिकून घेतली कोण जाणे.

१८ एप्रिल, शुक्रवार

अनुजानं नवे किडे पाठवले. केरबा एसटीत ड्रायव्हर होता, रिटायर झाला तरी सगळे कंडक्टर त्याच्या ओळखीचे. रत्नागिरीच्या गाडीतून बर्फाच्या डब्यात किडे आले. केरबा स्टँडवरून घेऊन आला आणि म्हणाला, "कंडक्टर इचारत हुता, औषध हाय का? मी म्हणलं, व्हय, म्हातारीचं."

ह्या खेपेला मी लोणच्यासारखं केलं. जाडं मीठ, हळद, वर बोटभर तेल. दिसायला असं देखणं की कुणीही भाकरी मागावी. अनुजाला फोनवर सांगितलं तर ओरडली, "अक्का, तेल कशाला? गळावरून घसरतील की!"

हे आधी सांगायला काय झालं होतं? सगळा घाणा केरबाच्या कोंबड्यांना टाकला. त्यांनी भांडून भांडून खाल्ला.

२० एप्रिल, रविवार

केरबा सकाळी अंडी घेऊन आला. मला कशाला दाखवतोस म्हणलं. तो म्हणाला, "अक्का, आमलेट केलं, आणि म्हावऱ्याचा बाजार सुटला घरात. बायको म्हणती, कोंबड्या मालवणला जाऊन आल्या काय?"

मी हसून हसून खाली बसले. दोन वर्षांत एवढी हसले नव्हते.

पण दिवस चौदा उरले.

२१ एप्रिल, सोमवार

अक्कल आली. तीही मिरचीमुळं. संयोगिता सांडगी मिरची तळत होती, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मिरची आपण एकदाच मीठ लावून सोडतो का? नाही. मिठात मुरवायची, पाणी सुटलं की निथळायची, उन्हाला दाखवायची, परत मुरवायची. एका दिवसात धरून मारलं तर लगदा होतो, चार दिवस चुचकारलं तर वर्षभर राहते. किडाही तसाच असणार. किडा काय, मिरची काय आणि सून काय!

आज तिसरी खेप आली. किडे कागदावर पसरले, टिपले, जाड्या मिठात लोळवले, वर पाट आणि पाटावर वरवंटा. संध्याकाळी पाणी ओतलं, कागद बदलला, नवं मीठ. कोरड्या हातानं. ओला हात घेऊन उदय जवळ आला तर त्याला लाटणं दाखवलं.

२४ एप्रिल, गुरुवार

तीन दिवस हेच. सकाळी निथळायचं, दुपारी गच्चीवर सावलीत जुन्या लुगड्याखाली पसरायचं, संध्याकाळी परत मिठात. मी काठी घेऊन कावळ्यांवर नजर ठेवून. शेजारच्या गच्चीवरून बायका विचारतात, "कुरडया का, आज्जी?" मी म्हणते, "तसंच समजा."

आज परीक्षा घेतली. एक किडा सेफ्टी पिनेला अडकवला आणि खाली लिंबू टांगून हिसके दिले. तुटला नाही. चपलेच्या वादीसारखा चिवट! मीठ तव्यावर भाजून गार केलं आणि बरणीत थर लावला: मीठ, किडे, मीठ, किडे. तोंडाला ह्यांच्या जुन्या धोतराचा तुकडा बांधला. माणूस जाऊन अकरा वर्षं झाली, धोतर अजून कामाला येतंय.

बरणी शेल्फवर लिंबाच्या लोणच्याशेजारी ठेवली. दोन्ही बरण्या सारख्या, धोतर एकच. संयोगिता शाळेतून चिकटपट्ट्या घेऊन आली, म्हणाली नावं लिहून चिकटवते. मी तिला घालवून दिलं. मला पन्नास वर्षं बरणी वासावर कळते. चिठ्ठ्या दुकानात लावतात.

२६ एप्रिल, शनिवार

शिरोळचे पावणे अनुजाला बघायला येऊन गेले. मुलगा विजयसिंह, ट्रॅक्टरचं वर्कशॉप आहे, सोबत त्याचे आईबाप आणि आजोबा आकाराम. अनुजानं चहाचा ट्रे असा आपटला की कपांना कळलं, हिला लग्न करायचं नाही.

मुलाच्या आईनं विचारलं, "आवडी-निवडी काय हायत?"

ही म्हणते, "दर रविवारी मासं धरायला जाते. गळ टाकून. हातानं किडं उकरून."

घाबरवायला म्हणाली. आई घाबरलीही. पण तो म्हातारा, ऐंशीच्या घरातला, एवढा वेळ पेंगत होता तो ताठ बसला. "किती नंबरचा गळ वापरतीस, पोरी?" मग दोघं जे बोलत बसले ते आम्हाला कळेना. मुलगा नुसता हसत होता. मिशी बरी आहे. माझ्या लिंबाच्या लोणच्याकडं मात्र एकानंही वळून बघितलं नाही.

म्हणून निघताना मीच बरणी काढली. आपल्या घरातून पावणा रिकाम्या हातानं जात नाही. चष्मा आत होता, पण नाकाला चष्मा लागत नाही; दोन्ही बरण्यांची फडकी सोडून वास घेतला, बरोबर लिंबाची कुठली ते ओळखलं, आणि मुलाच्या आईच्या हातात दिली. "वर्ष झालं मुरतंय," म्हणलं, "भाकरीबरोबर खावा, आठवण काढाल."

२७ एप्रिल, रविवार

अनुजा दुपारी किडे डब्यात भरायला बसली. बरणी उघडली. मग हाक मारली, "अक्का..." आवाज असा की मी चष्मा न घेता आले.

बरणीत लिंबाचं लोणचं.

मग उदय खुर्चीत बसला आणि म्हणाला, "म्हंजे शिरोळला..." संयोगितानं तोंडावर पदर धरला. ती रडतेय का हसतेय मला कळेना. खांदे दोन्हीला सारखेच हलतात.

मी म्हणलं, कुणीतरी जागा बदलली. मी स्वतः वास घेऊन दिली होती.

तेव्हा अनुजानं एक विचित्र खेळ केला. म्हणाली, "अक्का, डोळं मीट." नाकाशी काहीतरी धरलं. "काय हाय?"

"रिकामा डबा."

"आणि हे?"

"हाही रिकामा. पोरी, किडं शिरोळात आणि तू डबं काय हुंगाय लावतीस?"

डोळे उघडले तर तिच्या हातात हिंगाची डबी आणि रॉकेलची बाटली. मायलेकी एकमेकींकडं बघत होत्या. संयोगिताचे खांदे थांबले होते. मी विचारलं, काय झालं? म्हणे काही नाही. सांगितलं ना, हिंगात आता राम उरलेला नाही. आणि रॉकेलही भेसळीचंच.

शेवटी शिरोळला फोन मीच लावला. उदयला घाम फुटला होता. मुलाच्या आईला विचारलं, "लोणचं... कसं झालंय?"

ती म्हणाली, "अजून ताटात आलंच न्हाय वो! सकाळपासनं मामंजींनी बरणी कुठं नेली कळंना. तेबी घरात न्हाईत."

चोरून लोणचं खाणारा म्हातारा! त्यात बीपी असणार. भाकरीबरोबर खावा असं मीच सांगितलेलं. अनुजा संध्याकाळच्या गाडीनं रिकाम्या हातानं रत्नागिरीला गेली. शर्यत गेली, लोणचं गेलं, सोयरीक गेली, आणि वर म्हाताऱ्याला काही झालं तर आम्हाला शिरोळ तालुका बंद.

२८ एप्रिल, सोमवार

सकाळी दहाला फोन वाजला. शिरोळचा नंबर. उदय बाथरूममध्ये पळाला. मी उचलला.

"पावणी, मी आकाराम बोलतोय. बरणी तुमच्या हातची का?"

खोटं बोलायचं वय राहिलेलं नाही. "व्हय," म्हणलं.

"किती किडं टाकलंय तुम्ही!"

"माफी करा. किती... किती खाल्लंसा?"

म्हातारा मग असा हसला की फोन कानापासून लांब धरावा लागला. "पावणी, मी खाईन व्हय? मी काल पहाटं दार उघडताना बरणीचं फडकं सोडलं, एक वास घेतला, आणि तडक किष्णंवर गेलो! दोन बुडक्या मारून मीठ उतरवलं आणि गळाला लावलं. दंडाएवढी वांब मासळी घावली! साठ वरीस नदीवर बसतोय, पण असला किडा न्हाय बघितला. मासा वढतोय, गळ वढतोय, आणि किडा आपला हाय तिथंच! मीठ कसं लावलंसा?"

बघा. पन्नास वर्षं लोणचं घातलं, कुणी विचारलं नाही मीठ कसं लावलं. किड्याला लावलं तेव्हा विचारलं.

मी म्हणलं, "ते घरातलं गुपित हाय. सोयरीक जमली तर सांगीन."

तोंडातून निघून गेलं. अनुजाला विचारलंही नव्हतं. म्हातारा म्हणाला, "मग जमवायचीच." मी आधी उरलेले किडे मागितले. अर्धी बरणी शिल्लक आहे. नाखुशीनं का होईना, देतो म्हणाला.

संयोगिता दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "आत्या, तुम्ही सोयरीक किड्यांवर ठरवलीत?"

"तुझी पत्रिकेवर ठरीवली हुती," मी म्हणलं. "काय निराळं झालं?"

ती आज पाणी पिताना तीनदा ठसकली.

२ मे, शुक्रवार

बरणी अनुजाला पोचली. विजयसिंह स्वतः नेऊन देऊन आला. मी त्याला फोनवर म्हणलं, एसटीनं पाठवायची की, केरबाच्या ओळखीनं. तर म्हणतो, "न्हाय आज्जी, मला तिकडं ट्रॅक्टरचं काम हुतंच."

रत्नागिरीत कसला ट्रॅक्टर? खडकावर नांगरट करतात काय? पोरगा कामाचा दिसतो पण भूगोल कच्चा.

४ मे, रविवार

सकाळपासून फोनजवळ. पूजा अर्धी सोडली, देव काही शर्यतीत नव्हता.

साडेअकराला अनुजाचा फोन. "अक्का! दुसरा नंबर!" मागं वारा, लाटा, माणसं. बाकीच्यांनी कोळंबी लावलेली, ती बारकी मासळी दोन मिनिटांत कुरतडून नेत होती. हिचा किडा तीन-तीन वेळा पाण्यात जाऊन गळावर जसाच्या तसा. तांबोशी लागली, साडेतीन किलोची. पहिला नंबर थोडक्यात गेला. सगळे विचारत होते, चारा कुठला? ही म्हणाली, कोल्हापूरचा. कुणाचा विश्वास बसेना, कोल्हापुरात कुठला दर्या?

मी विचारलं, "मागं कोण पुरुष बोलतोय गं?"

"कुठं? लाटा हायत त्या."

लाटा शिरोळकडच्या बोलीत "लई भारी, लई भारी" म्हणत होत्या. फोनमध्ये काहीही ऐकू येतं हल्ली.

फोन ठेवला आणि संयोगिताकडं बघितलं. वही उघडून तेरा एप्रिलचं पान तिच्यापुढं ठेवलं. तिनं वाचलं. पुढचीही चार पानं वाचली, मी नको म्हणत असताना. पंधरा तारखेच्या पानावर फार वेळ थांबली. मला वाटलं अक्षराच्या चुका काढतेय.

वही मिटून म्हणाली, "शब्द म्हणजे शब्द. आंबे कधी आणायचे, आत्या?"

१८ मे, रविवार

आज लोणचं घातलं. चाळीस आंबे. उदयनं फोडले, मी पुसून घेतले, संयोगितानं सुट्टी असून झोप टाकली आणि सकाळी सहाला पाटावर माझ्यासमोर येऊन बसली, हातात चमचा.

"आत्या, मला शिकवा. तुम्ही घाला, मी प्रत्येक वेळी चाखून बघते, म्हणजे जिभेला माप कळेल."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा! मी म्हणलं बस. मी मीठ घातलं, तिनं चाखलं. घातलं, चाखलं. तिसऱ्या मुठीला म्हणाली, "आत्या, बास झालं का?" माझा हात अजून एका मुठीकडं चालला होता. पण नव्या शिकणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून थांबले. हिंग तळताना मी विचारलं, कसा आहे ह्या वेळचा? तिनं डोळे मिटून श्वास घेतला. "खरा आहे, आत्या. घमघमाट सुटलाय. आता काढा, नाहीतर करपेल."

मी काढला. म्हणलंच होतं मी, दुकान बदलायला पाहिजे होतं.

बरण्यांना तिनं चिठ्ठ्या लावल्या. एकीवर आंबा, एकीवर लिंबू, आणि खालच्या शेल्फवर वेगळ्या निळ्या डब्यावर ठळक अक्षरात: किडे, शिरोळ. मी चिठ्ठ्या राहू दिल्या. सगळ्यांचंच नाक काही माझ्यासारखं तयार नसतं.

अनुजा पुढच्या शनिवारी येणार आहे. शिरोळवरून येते म्हणाली. रत्नागिरीहून आमच्या उचगावला येताना वाटेत शिरोळ लागत नाही, पण बँकेतल्या पोरींना नकाशा कुठं कळतो!

संध्याकाळी संयोगिता परत आली. तोच चमचा. म्हणे उद्यापासून रोजच्या आमटीलाही बसते तुमच्याजवळ चाखायला, चालेल का?

चालेल म्हणलं. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना शिकवते, पण शेवटी शिकायला माझ्याकडंच आली. मन लावून बसली तर पंधरा-वीस वर्षांत जमेल तिला.